ब्याऐंशी रात्रींचा हंगाम

दोडामार्ग हा सिंधुदुर्गाचा दक्षिणेकडचा शेवटचा तालुका. १९९९ साली सावंतवाडीतून वेगळा झाला. एका अंगाला गोवा, दुसऱ्या अंगाला सह्याद्री आणि त्याच्या पलीकडे कर्नाटक, मधून वाहणारी तिलारी. इथल्या माणसाला 'हंगाम' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भात कापून घरात आलं की त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला जत्रा सुरू होतात आणि जत्रांच्या मागोमाग दशावतारी कंपन्यांचे टेम्पो रस्त्यावर दिसू लागतात. थंडीत काजूला मोहर येतो, शिमग्याच्या आगेमागे बोंडू पिकून पडायला लागतात, आणि मिरगाचा पहिला पाऊस पडला की नाटक, काजू, दोन्ही बंद. टेम्पोतून पेटारे उतरतात ते पुढच्या कार्तिकापर्यंत.

या हंगामाला अंतिम फेरी नसते. अमुक कंपनीने यंदा 'जिंकलं' असं कोणी म्हणत नाही. आज या देवळासमोर, उद्या त्या, परवा गोव्याच्या हद्दीत; घसा बसलेला असो की अंगात ताप असो, रात्री राजा उभा राहिलाच पाहिजे. एखाद्या रात्री नाटक रंगतं, एखाद्या रात्री पडतं. मिरगाला हिशेब होतो तो सगळ्या रात्रींचा मिळून. काजूवाल्याचंही तेच. एका झाडाकडे किंवा एका सकाळकडे बघून तो यंदाचं पीक कसं ते सांगत नाही.

या प्रकरणात ज्या हंगामाची गोष्ट सांगायची आहे तो इथून अर्ध्या पृथ्वीइतका लांब, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याची राजधानी असलेल्या सॅक्रामेंटो शहरात घडला. ऑक्टोबर २०२२ ते एप्रिल २०२३. म्हणजे साधारण आपल्या जत्रांचे आणि काजूचेच महिने. तिथे हिवाळ्यात संध्याकाळी सातला सामना सुरू होई तेव्हा दोडामार्गात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ वाजलेले असत, रात्रभर नाटक करून आलेले नट झोपायला गेलेले असत. संघाचं नाव सॅक्रामेंटो किंग्ज, खेळ बास्केटबॉल, आणि संघाच्या मुख्य मालकाचं आडनाव रणदिवे.

मोजणी कशी असते

बास्केटबॉल १८९१ साली जन्मला. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीए या संस्थेच्या शिक्षण केंद्रात जेम्स नेस्मिथ शिकवत असत. हिवाळ्यात बाहेर खेळता न येणाऱ्या विद्यार्थ्यांना आत काहीतरी खेळ हवा म्हणून त्यांनी दोन टोकांना पीच फळांच्या टोपल्या टांगल्या. टोपली म्हणजे बास्केट, म्हणून हे नाव. आज टोपलीच्या जागी लोखंडी कडी आहे, जमिनीपासून दहा फूट उंच. दोन्ही बाजूंनी पाच-पाच खेळाडू. जवळून चेंडू टाकला तर दोन गुण, आखलेल्या कमानीबाहेरून टाकला तर तीन. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याने २४ सेकंदांत बास्केटचा प्रयत्न केलाच पाहिजे. बारा मिनिटांची चार सत्रं, बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा जादा वेळ.

अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धा म्हणजे एनबीए. तिच्यात तीस संघ, पंधरा पूर्वेचे आणि पंधरा पश्चिमेचे. प्रत्येक संघाने एका हंगामात ८२ सामने खेळायचे, निम्मे घरी, निम्मे दारी. साधारण पावणेसहा महिन्यांत ८२ सामने म्हणजे दर दोन दिवसांनी एक, आणि कित्येकदा लागोपाठच्या रात्री दोन वेगळ्या शहरांत. पहिल्या रात्री मार खाल्ला तरी रडत बसायला वेळ नाही, विमान उभं असतं. हे ८२ सामने झाले की प्रत्येक बाजूचे पहिले सहा संघ थेट बाद फेरीत जातात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना उरलेल्या दोन जागांसाठी आपसांत झुंजावं लागतं. बाद फेरीतही एका सामन्यात निकाल लागत नाही. एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने, जो आधी चार जिंकेल तो पुढे.

आपल्याकडे क्रिकेटचा विश्वचषक बघून डोळे तयार झालेले असतात. एक वाईट दुपार आणि चार वर्षांची मेहनत पाण्यात. ८२ सामन्यांचा हंगाम त्याच्या उलट मनाचा आहे. तो एका दिवसाला फार किंमत देत नाही आणि एकही दिवस फुकट सोडत नाही. नशिबाने दहा सामने जिंकता येतात. अठ्ठेचाळीस जिंकायचे तर सवयच लागते.

जुहूचा मुलगा

विवेक रणदिवे यांचा जन्म १९५७ सालचा, मुंबईचा. वाढले जुहूला. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेवरचा माहितीपट लहानपणी पाहिला आणि तिथेच शिकायचं असं ठरवून टाकलं. प्रवेश मिळाला तेव्हा वय सोळा. त्या काळी परकीय चलन मिळवणं हे परदेशी प्रवेश मिळवण्यापेक्षा कठीण होतं. फीचे डॉलर मिळावेत म्हणून या मुलाने रिझर्व्ह बँकेच्या दारात ठाण मांडलं आणि परवानगी घेऊनच उठला.

पुढे त्यांनी संगणकाच्या जगात नाव काढलं ते एका साध्या वाटणाऱ्या कल्पनेवर. शेअर बाजारातल्या दलालासमोर तेव्हा चार-पाच पडदे असत, प्रत्येकावर वेगळी माहिती, आणि ती एकत्र करायची दलालानेच. रणदिवे यांच्या प्रणालीने ही माहिती एका सामाईक मार्गावर आणली आणि भाव बदलला की त्याच क्षणी ज्याला हवा त्याच्यापर्यंत पोचवला. त्यातून १९९७ साली टिबको ही कंपनी उभी राहिली. क्षणाक्षणाची माहिती विकणाऱ्या या माणसाने पुढे एक पुस्तकही लिहिलं, त्याचा विषय योग्य माहिती दोन सेकंद आधी मिळाली तर काय होतं हा.

बास्केटबॉल मात्र त्यांना ठाऊक नव्हता. मुंबईच्या मुलाचं बालपण क्रिकेट-फुटबॉलचं. मुलगी अंजली बारा वर्षांची असताना तिच्या संघाला शिकवायची जबाबदारी आली तेव्हा त्यांनी हा खेळ बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिला आणि त्यांना एक गोष्ट विचित्र वाटली. एका संघाने बास्केट केली की तो संघ आपणहून मागे पळतो आणि प्रतिस्पर्ध्याला अर्धं मैदान आरामात चालत येऊ देतो. का? चेंडू बाहेरून आत टाकायला पाचच सेकंद मिळतात, मध्यरेषा ओलांडायलाही मोजकाच वेळ असतो. मग त्या सेकंदांतच का अडवू नये? त्यांच्या संघातल्या मुली उंच नव्हत्या, नेमबाजीतही तरबेज नव्हत्या. त्या पूर्ण मैदानभर, पूर्ण वेळ अडवत राहिल्या आणि भल्याभल्या संघांना हरवत राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या. माल्कम ग्लॅडवेल या लेखकाने २००९ साली ही गोष्ट मासिकातून लिहिली, पुढे पुस्तकातही घेतली, आणि दुबळ्याने बलाढ्याशी कसं लढावं याचं ते जगभर सांगितलं जाणारं उदाहरण झालं.

२०१० साली रणदिवे सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाचे भागीदार झाले. २०१३ साली शेजारचा सॅक्रामेंटो किंग्ज संघ सिएटल शहराला विकला जाण्याच्या बेतात होता. सॅक्रामेंटोत तेव्हा दुसरा कुठलाही मोठा व्यावसायिक संघ नव्हता. किंग्ज गेला असता तर राजधानीच्या हाती नुसत्या सरकारी कचेऱ्या उरल्या असत्या. तेव्हाचे महापौर केव्हिन जॉन्सन स्वतः एनबीएचे जुने खेळाडू. त्यांनी खरेदीदार शोधायला सुरुवात केली आणि रणदिवे यांच्या गटाने सुमारे ५३.५ कोटी डॉलर मूल्य धरून संघ घेतला. नियमानुसार वॉरियर्समधला वाटा सोडावा लागला. ते सोडून आले त्या वॉरियर्सने दोनच वर्षांत विजेतेपद पटकावलं. हे पुढे उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवावं.

सोळा वर्षांचा दुष्काळ

किंग्ज संघ मुळात जुना. १९५१ साली तो विजेता होता, पण तेव्हा त्याचं गाव रोचेस्टर होतं आणि नाव रॉयल्स. मग सिनसिनाटी, मग कॅन्सस सिटी, आणि १९८५ पासून सॅक्रामेंटो. २००२ साली अंतिम फेरीच्या दारातून तो लॉस एंजेलिस लेकर्सकडून हरून परत फिरला. २००६ साली शेवटची बाद फेरी. त्यानंतर सलग सोळा हंगाम तो बाद फेरीबाहेर राहिला. एनबीएच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्याही संघाने पाहिलेला नाही.

त्यातली नऊ वर्षं रणदिवे यांच्या काळातली. या नऊ वर्षांत सहा प्रशिक्षक आले नि गेले. पहिले मायकल मलोन. त्यांना दुसऱ्याच हंगामात, डिसेंबर २०१४ मध्ये, काढण्यात आलं. त्यांच्या जागी आलेल्याचा हात बसायच्या आत तोही बदलला गेला. २०१८ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत किंग्जची पाळी दुसरी होती. त्यांनी मार्विन बॅगलीला घेतलं आणि लगेच मागे उभा असलेला लुका डॉन्चिच दुसऱ्यांच्या हाती लागला, जो आज जगातल्या पहिल्या काही खेळाडूंत मोजला जातो.

दोन सेकंदांचा फायदा ओळखणाऱ्या मालकाला हे का जमू नये? मला वाटतं, उत्तर 'हंगाम' या शब्दातच आहे. बारा वर्षांच्या मुलींची स्पर्धा हुशारीने जिंकता येते, कारण प्रतिस्पर्धी ती युक्ती पहिल्यांदाच पाहत असतात. ८२ सामन्यांत युक्ती तिसऱ्या सामन्यानंतर सगळ्यांना पाठ होते. शेअरचा भाव क्षणात कळतो, पण कलम धरलं की नाही ते क्षणात कळत नाही. दर महिन्याला माती उकरून मुळं बघणाऱ्याच्या बागेत काजू धरत नाही.

याच काळातली एक गोष्ट मात्र मुंबईकरांना आठवत असेल. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे संघ खेळले. भारतात झालेले एनबीएचे हे पहिले सामने. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत बहुतेक शाळकरी मुलं होती. तो सामना किंग्जने जादा वेळेत १३२-१३१ असा एका गुणाने गमावला, दुसरा १३०-१०६ असा. हंगामापूर्वीचे सराव सामने होते, मोजणीत येत नव्हते. जुहू सोडून गेलेल्या मुलाने आपला संघ घेऊन वरळीला यावं आणि एका गुणाने हरावं, असं ते प्रकरण.

चेंडू हातातून हातात

८ फेब्रुवारी २०२२ रोजी किंग्जने वरळीत भेटलेल्या त्याच पेसर्सशी खेळाडूंची मोठी अदलाबदल केली. टायरीस हॅलिबर्टन हा तरुण, सगळ्यांचा लाडका खेळाडू देऊन डोमान्तास सबोनिस घेतला. चाहते हळहळले. सबोनिस लिथुएनियाचा, जवळजवळ सात फूट उंच, आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या सोव्हिएत संघातल्या आर्विदास सबोनिसचा मुलगा. त्या हंगामात संघ ३० जिंकला, ५२ हरला. उन्हाळ्यात माइक ब्राउन प्रशिक्षक म्हणून आले. सहा वर्षं ते वॉरियर्सचे सहायक प्रशिक्षक होते. व्यवस्थापक मॉन्टी मॅकनेअर यांनी नवख्यांतून कीगन मरे निवडला, अटलांटाहून केविन हर्टर आणला, मलीक मंकशी करार केला. हॅरिसन बार्न्स होताच, आणि सगळ्यांच्या पुढे डिआरन फॉक्स, लीगमधल्या सर्वांत चपळ खेळाडूंपैकी एक.

हा संघ खेळायचा कसा ते समजायला दशावतार मदतीला येतो. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. रंगपटात मेकअप चालू असतानाच आख्यान ठरतं, कोण राजा, कोण राक्षस, कुठे युद्ध, एवढंच. संवाद उभ्या उभ्या रचले जातात. समोरच्याने वाक्य कुठे सोडलं ते ऐकून दुसरा उचलतो आणि पेटीवाला त्या दोघांच्या श्वासावर सूर धरतो. एकत्र शंभर रात्री काढल्याशिवाय हे येत नाही.

किंग्जचं आक्रमण असंच होतं. सबोनिस चेंडू घेऊन कमानीच्या टोकाशी उभा राही. हर्टर किंवा मंक त्याच्या अंगाला घासून धावत जाई. सबोनिस चेंडू त्याच्या हातात ठेवी आणि आपल्या रुंद देहाने पाठलाग करणाऱ्याची वाट अडवी. पाठलाग करणारा मागे राहिला तर तीन गुणांचा फटका. त्याने आडवाटेने पुढे यायचा प्रयत्न केला तर हर्टर मध्येच वळून कडीकडे घुसे. दोघांनी मिळून हर्टरला घेरलं तर सबोनिस मोकळा. आधीपासून ठरलेलं काहीच नाही, समोरचा काय करतो ते बघून पुढचं वाक्य. आणि हे सगळं अडलं तर फॉक्स एकटा सुटायला होताच.

आकाशातली दीपमाळ

हंगाम १९ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला आणि किंग्जने पहिले चारही सामने गमावले. सोळा वर्षं ज्यांनी हेच पाहिलं त्यांना आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. २९ ऑक्टोबरला मायामी हीटविरुद्ध ११९-११३ असा पहिला विजय मिळाला, आणि त्या रात्री मैदानाच्या छतावरून जांभळ्या लेसर प्रकाशाचा एक झोत सरळ आकाशात गेला.

ही त्या वर्षीची नवी टूम होती. जांभळा हा किंग्जचा रंग. संघ जिंकला, घरी असो की दारी, की गोल्डन वन सेंटर या घरच्या मैदानाच्या माथ्यावरून हा झोत सोडायचा. घरच्या सामन्यानंतर कोर्टवरच एक मोठं बटण आणून ठेवत आणि त्या रात्रीचा नायक ते दाबी. प्रेक्षक 'लाइट द बीम' असा गजर करू लागले. सामना न पाहिलेल्या माणसालाही अंगणात येऊन वर पाहिलं की निकाल कळू लागला.

२०२२ ची त्रिपुरी पौर्णिमा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. आपल्याकडे देवळांच्या दीपमाळा पेटल्या, जत्रा सुरू झाल्या. त्याच आठवड्यात किंग्जने क्लीव्हलंडला हरवलं आणि तिथून सलग सात सामने जिंकले, त्यात ब्रुकलिनवर १५३-१२१ असा दणदणीत विजय. सात रात्री झोत पेटला.

गंमत म्हणून सुरू झालेल्या या दिव्याने एक महत्त्वाचं काम केलं. १६ वर्षं उपाशी शहराचं लक्ष 'बाद फेरी गाठणार का' या एकाच प्रश्नावर खिळलेलं होतं. झोताने त्यांना आजच्या रात्रीपुरतं जिंकायला शिकवलं. नोव्हेंबरातला विजयही पूर्ण विजय होता, एप्रिलची वाट पाहणारा अर्धा विजय नव्हता. आपल्या जत्रेत आजची पालखी फिरली म्हणजे आजचं पुण्य पदरात पडलं, तसं.

डिसेंबरात सबोनिसच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं हाड मोडलं. पट्टी बांधून तो खेळत राहिला आणि हंगामअखेर सरासरी १२.३ रिबाउंड, म्हणजे हुकलेले चेंडू, पकडून लीगमध्ये पहिला आला. बार्न्सने ८२ पैकी ८२ सामने खेळले. मरेने २०६ तीन गुणांच्या बास्केट केल्या, पहिल्याच हंगामात इतक्या कोणी केल्या नव्हत्या. बचावात संघ तळाकडचाच राहिला, पण सामन्यामागे सरासरी १२०.७ गुण करत गेला, लीगमध्ये सर्वांत जास्त.

या सगळ्या हंगामाचं एका रात्रीत दर्शन घ्यायचं तर २४ फेब्रुवारी २०२३ ची रात्र घ्यावी. लॉस एंजेलिसमध्ये क्लिपर्सविरुद्ध चौथ्या सत्राच्या शेवटाकडे किंग्ज १४ गुणांनी मागे होते. एवढ्या वेळेला बहुतेक संघ मुख्य खेळाडू बसवून उद्याचा विचार करतात. मंक आणि फॉक्स खेळत राहिले. बरोबरी, जादा वेळ, पुन्हा बरोबरी, दुसरा जादा वेळ, आणि किंग्ज १७६-१७५ असे जिंकले. राखीव खेळाडू म्हणून उतरलेल्या मंकचे ४५ गुण, फॉक्सचे ४२, समोर कवाय लेनर्डचे ४४. एनबीएच्या इतिहासात याहून जास्त गुण एकाच सामन्यात निघाले आहेत, १९८३ साली, डेट्रॉइट आणि डेन्व्हर यांच्या १८६-१८४ या सामन्यात. पण त्याला तीन जादा वेळ लागले होते.

२९ मार्चला पोर्टलंडवर १२०-८० असा विजय मिळाला आणि दुष्काळ संपला. ४८ विजय, ३४ पराभव, पश्चिमेत तिसरा क्रमांक.

जुन्या घराशी गाठ

पहिल्या फेरीत समोर कोण यावं? वॉरियर्स. रणदिवे यांचा जुना संघ, ब्राउन यांचा जुना संघ, बार्न्स ज्यांच्याबरोबर २०१५ साली विजेता झाला तो संघ, आणि आदल्या वर्षीचा विजेता. दोन्ही गावांत अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर.

पहिला सामना किंग्जने १२६-१२३ असा घेतला. आयुष्यातल्या पहिल्या बाद फेरीच्या सामन्यात फॉक्सचे ३८ गुण. दुसराही जिंकला. त्यात वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनने खाली पडलेल्या सबोनिसच्या छातीवर पाय दिला आणि पुढच्या सामन्याची बंदी ओढवून घेतली. तिसरा वॉरियर्सचा. चौथ्यात शेवटच्या क्षणांत स्टीफन करीने शिल्लकच नसलेला टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवायची सवलत, मागितला आणि दंडाचा गुण दिला. किंग्ज एका गुणाने मागे, शेवटचा चेंडू बार्न्सच्या हाती. तो कडीवर आपटून बाहेर आला. १२६-१२५. फॉक्सच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक त्याच सामन्यात मोडलं. पाचवाही गेला. सहावा सॅन फ्रान्सिस्कोत, हरलं की संपलं, आणि किंग्जने तो ११८-९९ असा जिंकला.

सातवा सामना सॅक्रामेंटोत, ३० एप्रिलला. दुपारचा सामना होता, म्हणून आपल्याकडे रात्रीचा एक वाजून १ मे, महाराष्ट्र दिन, लागलेला. ऐन दशावताराची वेळ. मध्यांतराला किंग्ज ५८-५६ असे पुढे होते. मग करीने एकट्याने ५० गुण केले. सातव्या, निर्णायक सामन्यात ५० गुण एनबीएत त्याआधी कोणीच केले नव्हते. १२०-१००. हंगाम संपला.

हिशेब

बक्षिसं बरीच आली. ब्राउन सर्व मतदारांच्या एकमताने वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले, असं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं. मॅकनेअर सर्वोत्तम व्यवस्थापक. अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांत सर्वांत भरवशाचा कोण यासाठी त्याच वर्षी सुरू झालेला पुरस्कार फॉक्सला मिळाला. एक हिशेब मात्र कडू होता. जून २०२३ मध्ये विजेतेपद मिळवलं डेन्व्हर नगेट्सने, आणि त्यांचे प्रशिक्षक होते मायकल मलोन. किंग्जने दीड हंगामात काढलेल्या त्याच माणसाला डेन्व्हरने आठ वर्षं राहू दिलं होतं.

पुढच्या वर्षी किंग्ज ४६ सामने जिंकूनही नवव्या क्रमांकावर राहिले आणि बाद फेरी हुकली. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राउन यांना काढलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. माती पुन्हा उकरली गेली.

इथे आपल्याकडेही वळून पाहायला हवं. महाराष्ट्रात बास्केटबॉल नाही असं नाही. मुंबईत नागपाड्याच्या वायएमसीए कोर्टवर गेली कित्येक दशकं गल्लीतली पोरं घडत आली आहेत. भारताचे कर्णधार आणि १९७० चे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर तिथलेच. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली. २०१५ साली एक व्यावसायिक लीग निघाली, तिच्यात पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स हे संघ होते. थोड्याच वर्षांत ती बंद पडली. आपला खेळाडू रेल्वेची किंवा एखाद्या सरकारी कंपनीची नोकरी धरतो आणि एका स्पर्धेपासून दुसऱ्या स्पर्धेपर्यंत जगतो. चषक आहेत, सुट्टीतल्या स्पर्धा आहेत. सहा महिने, एका गावाचा म्हणवणारा एक संघ, दर दोन दिवसांनी लोकांसमोर उभा राहतो आहे, असं काही नाही. कौशल्याची वानवा असेलही, पण त्याच्या आधी वानवा आहे ती हंगामाची. गावाचं वेड एका अंतिम सामन्याने लागत नाही. ते रोज संध्याकाळी 'आज काय झालां?' असं विचारून लागतं.

सॅक्रामेंटोने त्या वर्षी ८२ आणि ७ मिळून ८९ सामने खेळले. त्यातल्या ५१ रात्री शहरावर जांभळा झोत होता. ३० एप्रिलला तो पेटला नाही. कोर्टवरचं बटण कोणी बाहेर आणलं नाही. आपल्याकडे तेव्हा कुठल्याशा देवळासमोर राजा नि राक्षस यांचं युद्ध ऐन रंगात असेल, आणि कंपनीच्या वहीत मिरगापर्यंतच्या रात्री अजून लिहिलेल्या असतील.